पॅराशूटवर गोळी नाही

पूर्वेकडच्या धानाच्या मुलखातल्या आमच्या गोरेगावात, बाजाराच्या रस्त्यावर, एका कापडदुकानाच्या वरच्या माळ्यावर माझा टायपिंगचा क्लास आहे. सकाळी सात ते अकरा पोरं येतात, मग संध्याकाळी चारनंतर. मधल्या वेळात कॉम्प्युटर, पंखे आणि मी. त्या वेळात मी विमानं उडवायचो. वय एक्केचाळीस, दोन मुलींचा बाप, आणि डबा खाऊन झाला की कानाला हेडफोन लावून, जुन्या बाजारातून आणलेली जॉयस्टिक मुठीत धरून लढाईला निघायचो.

खेळ जुन्या महायुद्धातल्या पंख्याच्या विमानांचा होता. इंटरनेटवरून तीस-चाळीस माणसं एकाच वेळी एका आकाशात उतरायची आणि दोन बाजूंनी एकमेकांना पाडायची. सुरुवातीला मी एकटाच उडायचो आणि रोज शिव्या खायचो. एका दुपारी माझ्या विमानाने पेट घेतला, मी उडी टाकली आणि पॅराशूटला लोंबकळत खाली येऊ लागलो. ज्याने मला पाडलं होतं तो वळून सरळ माझ्याकडे आला. आता हा गोळ्या घालणार म्हणून मी जॉयस्टिक सोडूनही दिली. त्याने गोळी घातली नाही. जवळून जाताना त्याने पंख डावी-उजवीकडे हलवले, आणि पडद्यावर अक्षरं आली, ‘अच्छा खेला’.

त्याला सगळे कॅप्टन म्हणायचे. त्याला धरून आठ जणांचा गट होता. रायपूर, जबलपूर, कुठकुठले लोक. बोलणं सगळं हिंदीत, गटापुरत्या माइकवर. आठवडाभरात मी त्यांच्यात गेलो, ते त्या हललेल्या पंखांमुळे.

गटाचे नियम होते. धावपट्टीवरून उठणाऱ्या किंवा उतरणाऱ्या विमानावर हल्ला करायचा नाही. दोघांची झुंज ठरली असेल तर तिसऱ्याने मध्ये शिरायचं नाही. दुसऱ्याने जखमी केलेलं विमान आपल्या नावावर पाडायचं नाही. आणि पॅराशूटवर गोळी नाही. यातलं काहीच खेळात लिहिलेलं नव्हतं, कोणी मोडलं तर खेळ अडवतही नव्हता. मला त्यात नवल वाटलं नाही. आमच्या घराण्यात पूर्वी तळी बांधायची कामं होती. तळ्याचं पाणी आधी कोणाच्या बांधीत, म्हणजे धानाच्या शेतात, जाणार हेही कधी कागदावर नसायचं, पण ते मोडणाऱ्याच्या घरी लग्नाला कोणी जात नसे.

कॅप्टन आवाज चढवत नसे. कोणी नियम मोडला तर त्या दिवशी तो एक शब्दही बोलायचा नाही. दुसऱ्या दिवशी सगळे जमले की शांतपणे विचारायचा, “कल क्या हुआ था?” आणि थांबायचा. ज्याने चूक केली त्याने ती स्वतःच्या तोंडाने सांगेपर्यंत थांबायचा. एकदा जबलपूरच्या माणसाला त्याने पंधरा मिनिटं असं ताटकळत ठेवलं. शेवटी त्या माणसाचा आवाज कापायला लागला. आम्ही सगळे हेडफोनमधून ऐकत होतो. मला ते आवडलं होतं. नंतर काय झालं ते सांगण्याआधी हे सांगायला हवं, की मला ते आवडलं होतं.

दसऱ्याच्या सुमारास एक नवा माणूस आला. त्याने नाव घेतलं नव्हतं, नावाच्या जागी नुसते आकडे होते, म्हणून आम्ही त्याला नंबरवाला म्हणायचो. विमान चांगलं उडवायचा, पण पाडलेल्या माणसाला सोडायचा नाही. माणूस पॅराशूटला लटकलेला दिसला की वळायचा आणि गोळ्या घालायचा. धावपट्टीवर चाकं फिरू लागली की वरून झडप घालायचा. आम्ही लिहून सांगितलं, विनवलं, दटावलं. तो उत्तर द्यायचा नाही. खेळ चालवणाऱ्यांकडे तक्रार केली, त्यांच्याकडूनही काही आलं नाही. दोन आठवड्यांत अशी वेळ आली की तो आकाशात आला की आमची सगळी बोलणी बंद व्हायची.

“ढूँढेंगे इसको,” कॅप्टन एवढंच म्हणाला.

दिवाळी होऊन मंडईचे दिवस आले होते. आमच्याकडे त्या दिवसांत गावोगाव मंडई भरते, बाजार लागतो, नाटकं होतात. एका दुपारी नंबरवाल्याचा माइक चुकून चालू राहिला. इतके दिवस तो मुका होता आणि एकदम त्याची खोली आमच्या कानात आली. टेबलफॅनची खरखर, मग लांबून एका बाईची हाक, मग त्याचा आवाज. “येऊन राह्यलो ना माय! काऊन घाई करून राह्यली?” आणि त्याच्या मागून, अगदी खिडकीखालून गेल्यासारखा, ऑटोवरचा भोंगा. मंडईनिमित्त तीन अंकी नाटक, बसस्थानकाच्या मागच्या पटांगणावर, अर्जुनी मोरगाव.

बाकी कोणाला काही समजलं नाही. मी मात्र मोठ्याने हसलो.

“अरे, ये तो हमारे जिले का निकला!”

“कौन सा गाँव?” कॅप्टनने विचारलं.

मी सांगितलं. त्यांच्यात मला एकट्यालाच ते समजलं याचा मला अभिमान वाटला होता.

दुसऱ्या दिवशी कॅप्टनने भोंग्यात नेमकं काय म्हटलं ते लिहून मागितलं. तिसऱ्या दिवशी विचारलं, त्या गावात ओळखीचं कोणी आहे का. माझ्या क्लासची एक जुनी विद्यार्थिनी लग्न होऊन अर्जुनीला गेली होती. मी तिला फोन केला आणि सहज विचारल्यासारखं विचारलं, तुमच्याकडे विमानाचा गेम कोण खेळतं गं?

“तो होय का सर? मोबाइल दुरुस्तीवाला. बस स्टँडपाशी दुकान आहे. गिऱ्हाईक नसलं का दिवसभर विमानच उडवत राह्यते. घरी तो अना त्याची माय, दोघंच.”

मी फोटो मागितला. तिने का म्हणून विचारलं नाही. सरांनी मागितला म्हणून तिने रस्त्याच्या पलीकडून काढून पाठवला. फोटोत काउंटरमागे एक सडपातळ माणूस मान वर करून बघत होता आणि त्याच्या डोक्यावर दुकानाची पाटी. पाटीवर फोननंबर होता. तो मला दिसला. पाठवायच्या आधी तेवढा भाग कापून टाकायला दहा सेकंद लागली असती. रोज पोरांना तेच शिकवतो मी. मी फोटो तसाच पाठवला.

“हम शरीफ़ लोग हैं,” कॅप्टन गटाला म्हणाला. “गाली कोई नहीं देगा. धमकी कोई नहीं देगा. एक ही बात बोलनी है.”

ती एक गोष्ट अशी होती. फोन लावायचा, समोरून आवाज आला की हळू म्हणायचं, ‘पैराशूट पे गोली नहीं,’ आणि ठेवून द्यायचं. मग गटात लिहायचं, ‘किया’. पहिल्या दिवशी आठ वेळा ‘किया’ आलं. मग त्यांनी आपल्या ओळखीच्यांना नंबर दिला, त्यांनी त्यांच्या. चौथ्या दिवशी मी मोजणं सोडलं. मीही एकदा लावला. पलीकडून “हॅलो, कोन जी?” आलं. स्वच्छ, आपल्या माणसाचा आवाज. माझ्या तोंडून ते वाक्य निघेना. मी फोन कापला आणि गटात लिहिलं, ‘किया’.

नंबरवाला त्या आठवड्यात आकाशात आला की आधीपेक्षा बेभान उडायचा. पॅराशूटवर गोळ्या घालणं त्याने थांबवलं नव्हतं. मला तेव्हाच कळायला हवं होतं की त्या वाक्याचा अर्थच त्याला लागत नाही.

मग एका दुपारी कॅप्टनने मला वेगळा संदेश केला. तुमच्याकडे कोणी वारलं की शोकसंदेश कसा लिहितात? नंबरवाल्याचं विमान पडलं की गेममध्ये टाकू, जरा मजा.

क्लासवर मी लग्नपत्रिका, वाढदिवसाचे फलक, श्रद्धांजलीचे संदेश अशी कामं करत असतो. हात बसलेला आहे. काळी चौकट, कोपऱ्यात पांढरी फुलं, मधोमध फोटोची जागा. ‘भावपूर्ण श्रद्धांजली’. खाली ‘कळविण्यास अत्यंत दुःख होते की’, नावाची जागा रिकामी, आणि शेवटी ‘शोकाकुल परिवार’. मराठी अक्षरं तिकडे तुटू नयेत म्हणून मुद्दाम चित्र करून पाठवलं, आणि त्यांना बदल करता यावा म्हणून मूळ फाइलही दिली. “बढ़िया काम,” कॅप्टन म्हणाला. दुपारभर मी खुशीत होतो.

चार दिवसांनी त्या विद्यार्थिनीचा फोन आला. ती रडत होती.

“सर, तो गेला जी. दुकानवाला. सगळ्या ग्रुपवर येऊन राह्यलं आहे.”

तिने चित्र पाठवलं. माझी चौकट, माझी फुलं. मधोमध त्याच दुकानाच्या फोटोतून कापलेला चेहरा. रिकाम्या जागी पूर्ण नाव, फोननंबरावरून शोधलेलं असणार, आणि खाली एक ओळ वाढवलेली, ‘अंत्यविधी उद्या सकाळी अकरा वाजता’.

तो खरंच गेला असं मला वाटलंच नाही, असं म्हणणं खोटं होईल. दोन मिनिटं मला तसं वाटलं. आणि त्या दोन मिनिटांत माझ्या मनात सगळ्यात आधी काय आलं, तर त्या फाइलवर कुठे आपल्या क्लासचं नाव तर राहिलं नाही ना.

मी तिला म्हटलं, दुकानापाशी जाऊन बघ. वीस मिनिटांनी तिचा फोन आला.

“जिता आहे जी! दुकानात बसून सोल्डरिंग करत होता. लोक हार घेऊन आले तं तोच घाबरला. पण सर, त्याची माय...”

त्याची आई मंडईसाठी लाखांदूरकडे भावाच्या गावी गेली होती. तिथे कोणीतरी अंगणात उभं राहून मोबाइलवरचं तिला मोठ्याने वाचून दाखवलं, नावासकट, वेळेसकट. माणसांनी तिला धरून एसटीत बसवलं. कोणी पोराला फोन लावून पाहिला, पण त्याने रोजच्या त्या फोनांना कंटाळून मोबाइल बंद ठेवला होता. त्यामुळे खात्रीच पटली. अख्ख्या रस्त्याने ती ऊर बडवत आली आणि स्टँडवर उतरली, तेव्हा तिचा पोरगा समोर उभा होता.

त्या संध्याकाळी मी बायकोला सगळं सांगितलं. ती आरोग्य उपकेंद्रात नर्स आहे. 

“ते लिवलं कोनं?” शेवटी तिने विचारलं.

“मी.”

“मंग मले कायले सांगता? त्यायले जाऊन सांगा.”

दुसऱ्या दिवशी सकाळचा क्लास बंद ठेवून मी मोटरसायकलने निघालो. कोहमारा, मग नवेगावबांधचं जंगल. धान कापून झालेल्या बांध्यांत धानाच्या भाऱ्यांचे पुंजणे उभे होते. वाटेत दोनदा थांबलो. परत फिरायचं कारण शोधत होतो.

दुकान फोटोतल्यासारखंच होतं. फक्त आता काउंटरच्या आत, त्याच्या खुर्चीला चिकटून एक स्टूल होतं आणि त्यावर त्याची आई बसली होती. तिने डाव्या हाताने त्याच्या शर्टाचं टोक मुठीत धरलं होतं. तो खाली वाकून मोबाइल उघडत होता, हात पुढे गेला की शर्ट ताणला जायचा, आणि तो न बघता थोडा मागे सरायचा.

“का झालं जी मोबाइलले?” त्याने विचारलं.

“मोबाइल नाही,” मी म्हणालो. “बोलायचं होतं.”

त्याने मान वर केली. स्क्रू-ड्रायव्हर खाली ठेवला.

“तुमी इमानाच्या गेमवाले का?”

मी मान हलवली.

“आवाज वळखला,” तो म्हणाला. “एक डाव तुमचा माइक सगळ्यायले चालू राह्यला अना तुमी म्हनलं, ‘शाबास, काय वळवलंस विमान!’ तवा वाटलं होतं, कोनी मराठी मानूस आहे.”

तेवढ्यात म्हातारीने उजवा हात पुढे करून माझं मनगट धरलं. नाडी पाहावी तशी बोटं दाबली. मग पोराला विचारलं, “हा जिता आहे ना रे?”

“हो माय. जिता आहे.”

“येनाऱ्या सगळ्यायले हात लावून पाह्यते,” तो मला म्हणाला. “मले तं झोपेतही.”

मी विचारलं, पॅराशूटवर गोळ्या का घालतोस? तिथे उभं राहून हे विचारणं किती विचित्र होतं ते मला कळत होतं, पण सुरुवात दुसरी सुचली नाही.

“मंग घालाच्या नाही का?” त्याने खरंच विचारलं. “पांढरा गोल दिसे तं मी मारो. मानूस वाचला तं फिरून दुसरं इमान घेऊन येईन ना.”

“आम्ही इतक्या वेळा लिहिलं होतं.”

त्याने आपला जुना कॉम्प्युटर दाखवला. खेळ अडकत चालायचा म्हणून त्याने पडद्यावरचा लिहिण्याचा चौकोन पहिल्याच दिवशी बंद करून टाकला होता. आमचं एकही अक्षर त्याच्यापर्यंत पोहोचलं नव्हतं. दिवसाला पन्नास-पन्नास फोन यायचे, कोणी हळू आवाजात पॅराशूट-पॅराशूट म्हणायचं, आणि त्याला वाटायचं की कुठल्या तरी कंपनीची जाहिरात आहे. मग वाटायला लागलं, आपल्या डोक्यात काही बिघडलं आहे.

“तो नेम कुठं लिवला आहे जी?” त्याने विचारलं.

“कुठेच नाही,” मी म्हणालो.

मग मी त्याला सगळं सांगितलं. भोंगा, फोटो, पाटीवरचा नंबर, काळी चौकट. शब्द माझे होते हेही. त्याची आई ऐकत होती की नाही ते कळलं नाही, ती त्याच्या कोपराकडे बघत होती.  बाहेर एसटी लागली, निघून गेली.

“चहा सांगतो,” तो म्हणाला. “प्या अना जा.”

चहा आला. मी प्यायलो. त्याने पुन्हा स्क्रू-ड्रायव्हर उचलला.

घरी येऊन मी गटात लिहिलं की तो माणूस आमचं लिहिणं वाचूच शकत नव्हता, त्याला नियम माहीतच नव्हता, त्याच्या आईची अवस्था अशी आहे, आता थांबवा.  मग कॅप्टनचं एकच वाक्य आलं.

“आप उससे मिलने गए थे?”

मी हो म्हटलं. पुढच्या मिनिटाला मी गटात नव्हतो.

दोन दिवसांनी दुपारी मी खेळ उघडला. एकट्याने थोडं उडावं, मग सोडून द्यावं असं मनात होतं. विमान धावपट्टीवरून उठलं तोवर आजूबाजूला काही नव्हतं. वर गेलो तेव्हा ढगातून एक विमान आलं आणि माझ्या डाव्या पंखाशेजारी उडू लागलं. मग उजवीकडे एक. मग वर, खाली, मागे. आठही होते. कोणी गोळी झाडली नाही. मी वळलो की ते वळायचे, मी खाली गेलो की ते खाली. मी गोळ्या झाडल्या तर बाजूला व्हायचे आणि पुन्हा जागेवर यायचे. कानात फक्त इंजिनं. शेवटी मी चालत्या विमानातून उडी टाकली. पॅराशूट उघडलं आणि ते आठजण माझ्याभोवती गोल फिरत राहिले, मी जमिनीला टेकेपर्यंत.  नियम एकही मोडलेला नव्हता.

त्याच दिवशी क्लासच्या फोनची घंटा वाजली. माझ्याही दारावर पाटी आहे, पाटीवर नंबर आहे.

“जी, बोलिए,” मी म्हणालो.

“अगला नंबर किसका है, पता है ना?” अनोळखी, मऊ आवाज. फोन बंद.

त्यानंतर दिवसाला दहा, वीस, तीस. कधी तोच प्रश्न, कधी नुसता श्वास. पोरांच्या पालकांचेही फोन येतात, त्यामुळे बंद ठेवता येईना. मोठ्या मुलीने एकदा उचलला आणि मला म्हणाली, “बाबा, एक काका तुमची तब्येत विचारून राह्यले. तुमचा चांगला फोटो आहे का म्हने.” तेव्हा मात्र मी उठलो.

मी अर्जुनीच्या दुकानात पुन्हा गेलो आणि म्हटलं, तक्रार करू, दोघं मिळून. वाटलं होतं, तो हाकलून देईल. त्याने दुकानाचं शटर अर्धं खाली ओढलं, आईला हात देऊन उठवलं आणि आम्ही तिघं ठाण्यात गेलो. शर्टाचं टोक तिच्या मुठीत होतंच.

हवालदाराने सगळं ऐकून घेतलं. नंबर लिहिले, संदेश पाहिले, मग काळी चौकट बराच वेळ पाहिली.

“हे कोनं बनवलं?”

“मी,” मी म्हणालो.

“अना तक्रार कोनाची आहे?”

“याचीही. माझीही.”

त्याने पेन खाली ठेवलं आणि मला वरपासून खालपर्यंत पाहिलं. “मंग तुमचं नाव कोन्या बाजूले लिवू, गुरुजी?”

दुकानवाला माझ्याकडे न बघता म्हणाला, “लिवा साहेब जसं आहे तसं. त्यायनंच बनवलं, अना त्यायनंच येऊन सांगतलं.”

तसंच लिहिलं गेलं. मी खाली सही केली. ठाण्यातून काही नंबरांवर फोन गेले आणि महिनाभरात दोघांचेही फोन थांबले. कॅप्टनचा नंबर कायमचा बंद लागला. तो कोण, कुठला, काय काम करायचा, हे ठाण्यालाही कळलं नाही आणि मलाही नाही. मी जॉयस्टिक विकून टाकली. क्लासवर श्रद्धांजलीचं काम आलं तर आता घेत नाही, शेजारच्याकडे पाठवतो.

होळीच्या आधी विद्यार्थिनी माहेरी आली होती, क्लासवर येऊन गेली. दुकान चालू आहे म्हणाली. तो विमान उडवत नाही. स्टूल अजून आतच आहे. गिऱ्हाइकांनाही आता सवय झाली आहे, मोबाइल काउंटरवर ठेवण्याआधी ते आपणहून म्हातारीपुढे हात करतात. ती बोटं दाबून पाहते, मान हलवते, आणि मगच तो मोबाइल उघडायला घेतो.